स्ट्रोकनंतरची सुधारणा टक्क्यांत का सांगता येत नाही

"आता किती टक्के फरक आहे?" हा प्रश्न पेशंटचे नातेवाईक विचारतातच. त्यावर "साठ-सत्तर टक्के" असं सांगून मोकळं होणारे फिजिओथेरपिस्टही कमी नाहीत. पण साठ टक्के कशाचे? बोटांची हालचाल, बसल्या जागी तोल, चालण्याचा वेग, स्वतःच्या हाताने जेवणं-अंघोळ या सगळ्या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या गतीने सुधारतात आणि एक सुधारली म्हणून दुसरी सुधारेलच असं नाही.

उजवी बाजू गेलेला माणूस डाव्या हाताने जेवायला, बटणं लावायला शिकतो. त्याचा बार्थेल इंडेक्स ४० वरून ७० वर जातो. ही दहा कामांची, १०० गुणांची मोजपट्टी. माणूस रोजच्या जगण्यात काय करतो एवढंच ती पाहते, कोणत्या हाताने करतो ते पाहत नाही. त्याच माणसाचा फुगल-मेयरचा, म्हणजे हालचाल किती परतली ते मोजणाऱ्या चाचणीचा, हाताचा स्कोअर मात्र जिथल्या तिथे असू शकतो. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो की घरातलं परावलंबित्व कमी झालं, दुसरा सांगतो की हात परत आलेला नाही. म्हणून मोजायला घेण्याआधी आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते ठरवावं लागतं. चाचणी त्यानंतर निवडायची.

हाताच्या हालचालीसाठी फुगल-मेयर १९७५ पासून वापरात आहे आणि आजही तिच्या तोडीची दुसरी मोजपट्टी सापडणं कठीण. हाताचे ६६ गुण, पायाचे ३४. प्रत्येक हालचालीला ०, १ किंवा २. आधी चांगल्या हाताने हालचाल करून घ्यायची, म्हणजे काय करायचंय ते पेशंटला कळतं. वाचा गेलेल्या पेशंटबाबत तर हे करून दाखवणं शब्दांपेक्षा महत्त्वाचं. गुण फुकट वाटले जातात ते इथे: हात समोर ९० अंशांपर्यंत उचलायला सांगितला, पेशंटने तो बाजूला नेत, कोपर वाकवत उचलला, आणि "उचलला की!" म्हणून आपण २ दिले. कोपर सुरुवातीलाच वाकलं किंवा हात सुरुवातीलाच बाजूला गेला तर ०. हालचालीच्या मध्ये तसं झालं तर १. कोपर सरळ ठेवून, हात बाजूला न जाऊ देता ९० अंश गाठले तरच २. हात किती वर गेला एवढं पाहणं पुरेसं नाही, सिनर्जीतून, म्हणजे सांधे एकत्रच हलण्याच्या बांधलेल्या साच्यातून, किती सुटला तेही पाहायचं असतं. मनगटाच्या हालचाली तपासताना कोपराला आधार दिलेला चालतो. तो आज दिला आणि पुढच्या वेळी दिला नाही, तर तुलना संपली.

हात कामाला किती येतो यासाठी बॉक्स अँड ब्लॉक टेस्ट सोपी आहे. मध्ये पडदी असलेली पेटी, २.५ सेंटिमीटरचे ठोकळे, ६० सेकंद. एका वेळी एकच ठोकळा मोजायचा, आणि बोटांची टोकं पडदीच्या पलीकडे गेली पाहिजेत, नाहीतर ठोकळा फेकून आकडा फुगतो. अर्थात, पकड अजून आलेलीच नसेल तर इथे महिनोनमहिने शून्यच दिसेल. अशा पेशंटला ही चाचणी लावून त्याची उमेद घालवू नये.

चालण्याचा वेग मोजायला १० मीटरची चाचणी. जमिनीवर १४ मीटरची सरळ पट्टी आखायची; पहिले २ आणि शेवटचे २ मीटर वेग घ्यायला आणि थांबायला, त्यांची वेळ धरायची नाही. पुढचं पाऊल २ मीटरची रेघ ओलांडेल तेव्हा स्टॉपवॉच सुरू, १२ मीटरची ओलांडेल तेव्हा बंद. नेहमीच्या चालीने तीन फेऱ्या आणि त्यांची सरासरी. थेरपिस्टने अर्धं पाऊल मागे, अशक्त बाजूला राहायचं. शेजारून किंवा पुढून चाललं की पेशंट आपल्या चालीला चाल जुळवतो आणि आपण स्वतःचाच वेग मोजून बसतो. "चला, चला, छान!" हेही नको.

सेकंदांत तुलना करणं हा नेहमीचा घोटाळा. ५० सेकंदांचे ४० झाले आणि २० चे १० झाले, दोन्हीकडे वाचले १० सेकंदच. पण पहिल्याचा वेग ०.२० वरून ०.२५ मीटर प्रतिसेकंद झाला, दुसऱ्याचा ०.५ वरून थेट १.०. म्हणून नोंद वेगातच करावी. साधारणपणे ०.४ च्या खाली असलेला माणूस घरातल्या घरात चालतो, ०.४ ते ०.८ मध्ये बाहेर मर्यादित फिरतो, ०.८ च्या वर बाहेरचं बरंचसं जमतं. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे ०.१६ ची वाढ ही माणसाच्या जगण्यात जाणवणारी सुधारणा मानली जाते. २५ सेकंदांवरून १८ वर येणं म्हणजे जवळपास तेवढीच.

टाइम्ड अप अँड गोमध्ये खुर्चीतून उठून ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. इथे खुर्चीच दगा देते. सीट साधारण ४६ सेंटिमीटर उंच, हात असलेली, आणि दर वेळी तीच. बसकी खुर्ची बदलून उंच आणली की काही सेकंद असेच वाचू शकतात. वळणही एकाच बाजूने. बाजू बदलली तर वेळेतही फरक पडू शकतो. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते पाहणाऱ्या चाचणीचंही तसंच. ३० मीटरच्या मार्गावर काढलेलं अंतर आणि १२ मीटरच्या मार्गावर काढलेलं अंतर शेजारी शेजारी लिहायचं नाही, कारण लहान मार्गावर वळणं वाढतात आणि प्रत्येक वळणाला पेशंट मंदावतो. मध्ये विश्रांती घेतली तरी घड्याळ चालूच.

तोलासाठी बर्ग स्केल: १४ कामं, प्रत्येकी ० ते ४, एकूण ५६. काठी-वॉकर वापरायचा नाही. ४५ च्या खाली पडण्याचा धोका जास्त असं शिकवलं जातं, पण ४६ आला म्हणून पेशंटला बाथरूममध्ये एकटं सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. जो अजून उभाच राहत नाही त्याची सुधारणा बर्गमध्ये दिसत नाही. त्याच्यासाठी धडाचा तोल मोजणारी ट्रंक इम्पेअरमेंट स्केल, २३ गुणांची, घ्यावी. आणि जो ५४-५५ वर पोचला त्याला वर जागाच उरत नाही. "प्रगती थांबली" असं लिहिण्याआधी मोजपट्टी संपली आहे का ते पाहावं.

फरक खरा की मोजण्यातली चूक, हा प्रश्न सगळ्यात दुर्लक्षित. सुरुवातीच्या पुनर्वसनात बर्गमधला ६-७ गुणांपेक्षा कमी फरक किंवा फुगल-मेयरच्या हातातला ५ गुणांपेक्षा कमी फरक तपासणाऱ्याच्या नजरेचा, पेशंटच्या थकव्याचाही असू शकतो. बर्ग ३१ वरून ३३ झाला तर "तोल स्थिर, पुढे पाहू" एवढंच प्रामाणिक उत्तर. २ गुण घटले तरी घाबरायचं कारण नाही.

स्पास्टिसिटीची, म्हणजे स्नायूंच्या ताठरपणाची, मॉडिफाइड अॅशवर्थ मोजपट्टी तर आणखी लहरी. सांधा साधारण एका सेकंदात पूर्ण फिरवायचा आणि पहिल्याच वेळचा प्रतिकार धरायचा. चार-पाचदा हलवून पाहिलं की स्नायू सैल होतो आणि ग्रेड खाली येते. थंड खोली, भरलेलं मूत्राशय, कुठेतरी झालेली जखम, बॅक्लोफेनची (ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाची) चुकलेली गोळी, सगळ्यांनी टोन, म्हणजे स्नायूंचा ताण, वाढतो. १ आणि १+ हे ग्रेड आहेत, अंक नव्हेत. त्यांची सरासरी काढलेली दिसली की रिपोर्ट बाजूला ठेवावा.

वेळापत्रक साधं असावं. उपचार सुरू होण्याआधी बेसलाइन, मग दोन-चार आठवड्यांनी, डिस्चार्जला, आणि स्ट्रोकपासून ३ व ६ महिन्यांनी. दिवसाची वेळ तीच, व्यायामाच्या आधी. आणि सहा मिनिटांची चाचणी शेवटी, नाहीतर दमलेल्या पेशंटचा बर्ग कमीच येणार.

आणि आकडा कधी एकटा लिहू नये. "चालणे: सुधारणा" किंवा नुसतं "०.५६" यातून पुढच्या थेरपिस्टला काही कळत नाही. "१० मीटर, नेहमीची चाल, ३ फेऱ्यांची सरासरी १८ सेकंद, ०.५६ मी./से., उजव्या पायात एएफओ, डाव्या हातात ट्रायपॉड, शारीरिक आधार नाही, सकाळी ११" असं लिहिलं (एएफओ म्हणजे घोट्याला दिलेला आधार, ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी) तर महिन्याने दुसरा कुणीही तीच चाचणी तशीच घेऊ शकतो. त्या महिन्यात एएफओ सुटला आणि वेग ०.५६ च राहिला, तर आकडा तोच असूनही ती प्रगती आहे, आणि ती फक्त या नोंदीतूनच दिसते.