पॅमेक्सला डिजिटल मशीन बघायला जाताना स्वतःचा कागद घेऊन जा

आमच्या सांगलीतल्या बऱ्याच प्रेसचं काम आता दोन टोकांना गेलंय. एकीकडे पाच-पाच हजारांची हँडबिलं आणि बिलबुकं, ती प्लेट करून छापायच्या ऑफसेटलाच परवडतात. दुसरीकडे दीडशे लग्नपत्रिका, पन्नास प्रमाणपत्रं, कवितासंग्रहाच्या तीस प्रती. ही दुसरी कामं आम्ही बाहेरून छापून आणत होतो. ती घरात आणायची तर डिजिटल मशीन हवं, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत गोरेगावला पॅमेक्स हे छपाईच्या मशीनचं प्रदर्शन बघायला गेलो. ६ ते ९ तारखेला बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये प्रदर्शन होतं.

आमच्याकडून जाणाऱ्यांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. सकाळी दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची स्लो लोकल धरायची आणि राम मंदिर स्टेशनला उतरायचं. फास्ट लोकल तिथे थांबत नाही. प्रदर्शनाची दारं उघडतानाच आत शिरा. दुपारनंतर स्टॉलवरच्या माणसाला तुमच्याशी दोन मिनिटं बोलायलाही सवड नसते.

आता सामानाचं. स्टॉलवर जे नमुने लावलेले असतात, ते बघून काहीही ठरवू नका. गुळगुळीत महागडा कागद आणि त्यावर फळांचे, पक्ष्यांचे फोटो. त्यावर सगळीच मशीन सुंदर छापतात. आम्ही आपला कागद १३ बाय १९ इंचाला कापून नेला होता: ३०० जीएसएम (कागदाची जाडी सांगणारं वजन, चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्ड, पत्रिकेचा टेक्स्चर बोर्ड, मेटॅलिक आणि पुस्तकांना वापरतात तो साधा ७० जीएसएम मॅपलिथो. पेनड्राइव्हवर एकच पीडीएफ, फॉन्ट आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरांची चित्रं झालेली. श्रीलिपी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधला मजकूर तिथे जाऊन उघडायच्या भानगडीत पडू नका.

त्या पानावर काय हवं? गडद मरून सॉलिड, म्हणजे भरीव रंग, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात सहा पॉइंटचं देवनागरी. रफार, अनुस्वार, उकार भरून येतात का, ते लगेच कळतं. एक फिकट राखाडी पट्टा पानभर, त्यात बँडिंग, म्हणजे रंगात उमटणाऱ्या नको त्या रेघा, दिसतं. चेहऱ्याचा एक फोटो. आणि चारी कोपऱ्यांत क्रॉसमार्क, पुढे आणि मागे. पाठपोट छापून उजेडासमोर धरलं की रजिस्टर, म्हणजे दोन्ही बाजूंची जुळणी, किती सरकतंय ते कोणी सांगावं लागत नाही. एक शीट काढून थांबू नका, पन्नास मागा, आणि पहिली व पन्नासावी शेजारी ठेवा. आमच्या टेक्स्चर बोर्डावर एका स्टॉलवर खड्ड्यांत टोनर (या मशीनची पूड-शाई) पोचलाच नाही, दुसऱ्या स्टॉलवर छान बसला. एका ठिकाणी ‘बाहेरचा कागद चालवत नाही’ म्हणाले. तिथून आम्ही चहा घेऊन पुढे गेलो.

माहितीपत्रकांतल्या आकड्यांबद्दल थोडं. फुजीफिल्म रेव्होरिया पीसी११२० मिनिटाला १२० पानं आणि सहा रंगांचं, म्हणजे सोनेरी-चंदेरी टोनरही. कोनिका मिनोल्टाचं सी७१०० आणि कॅननचं व्ही१००० शंभरच्या वर्गातली, झेरॉक्स व्हर्सांट २८० ऐंशीचं. हा वेग ए४ चा. १३ बाय १९ च्या शीटला तो निम्म्यावर किंवा त्याखाली येतो, आणि काही मशीन जाड कार्डाला आणखी मंदावतात. जीएसएमची मर्यादा यातल्या बहुतेकांची ४०० पर्यंत आहे, त्यामुळे तिथे फार फरक करू नका. लांब शीटकडे मात्र बघा. डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची) पुस्तकाचं फ्लॅपसकट कव्हर १९ इंचांत जेमतेम बसतं, त्याहून मोठं पुस्तक असेल तर नाही. सी७१०० एका बाजूने १३०० मिलिमीटरपर्यंत लांब शीट घेतं. तुमच्याकडे प्रकाशकांचं काम असेल तर हा मुद्दा वेगापेक्षा मोठा.

सोनेरी टोनर बघून आमचा मुलगा हरखला होता. माझं मत वेगळं. पत्रिकेच्या गिऱ्हाईकाला चकाकी हवी असते, ती फॉइलनेच येते. काळ्या टोनरवर लॅमिनेटरमधून गरम फॉइल चिकटवता येते, तेवढ्यासाठी पाचवा-सहावा रंग विकत घ्यायची गरज नाही. एचपी इंडिगोसमोर थोडा वेळ उभे राहिलो. द्रवरूप शाईचा थर इतका पातळ, की कागदाची मूळ चमक तशीच राहते. पण ती फोटो-अल्बमवाल्यांची चैन, आमचा गाडा त्यावर चालणार नाही.

खरी तुलना सुरू होते क्लिकच्या करारापासून. क्लिक म्हणजे छापलेल्या दर पानामागे कंपनीला द्यायचा आकार. भावाच्या आधी हे विचारा: १३ बाय १९ चा एक क्लिक धरता की दोन? लांब शीटचे किती? फक्त काळ्या मजकुराचं पान रंगीत क्लिकमध्ये जाणार का? (मजकूर शंभर टक्के काळा ठेवा, चार रंगांचा काळा गेला तर रंगीतच मोजला जातो.) ड्रम, फ्युजर, बेल्ट हे झिजणारे भाग करारात आहेत की वेगळे? जाममध्ये वाया गेलेली शीट कोणाच्या खात्यावर? महिन्याला किमान किती क्लिकचं बंधन? मग हप्ता मांडा. समजा हप्ता साठ हजारांचा आणि शीट दहा हजार, तर क्लिक आणि कागद धरायच्या आधीच शीटमागे सहा रुपये गेले. पंधरा हजार शीट झाल्या तर चारच. आपलं बाहेर जाणारं काम वहीत मोजून गेलात तर सेल्समनच्या गोड बोलण्याला तिथेच उत्तर मिळतं.

परतीच्या वाटेवर पुण्यात उतरून एका ओळखीच्या प्रेसमध्ये आमच्या यादीतलंच एक मशीन बघितलं. प्रदर्शनापेक्षा हे पाऊण तासात जास्त शिकवून गेलं. मालकाला विचारू नका, तो आपल्या खरेदीचं समर्थन करणार. ऑपरेटरला गाठा. पावसाळ्यात कागद लाटेसारखा वाकतो का, मशीन किती वेळा उघडावं लागतं, इंजिनिअर फोन केल्यापासून किती तासांनी येतो, तो पार्ट बरोबर आणतो की पुण्या-मुंबईहून मागवतो. सांगलीत बसून हे विचारणं तर फारच गरजेचं. ज्या कंपनीचा माणूस कोल्हापूर किंवा मिरजेत राहतो, तिचं थोडं कमी वेगाचं मशीनही लग्नसराईत उपयोगी पडतं.

त्याच प्रेसमध्ये छापलेली पत्रिका आधी क्रीज न करता, म्हणजे घडीची रेघ न दाबता, दुमडून बघितली. घडीवर टोनर फुटून पांढरी रेघ दिसली. म्हणजे क्रीजिंग मशीनचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा. लॅमिनेशन ज्याच्याकडून करून घेता त्याच्याकडे डिजिटल शीट देऊन बघा, ऑफसेटच्या शीटवर नीट बसणारी फिल्म टोनरवर कधीकधी सुटते.

जुनं आयात केलेलं मशीन निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून मोह होतोच. घ्यायचंच असेल तर मीटरचा आकडा सुरू मशीनवर बघा आणि त्या मॉडेलचा टोनर-ड्रम भारतात मिळतो का ते आधी पक्कं करा. त्या मशीनला कंपनीचा क्लिक-करार मिळत नसेल तर हिशोब पूर्ण बदलतो.

जागेचं शेवटी. सर्वो स्टॅबिलायझर, वेगळं अर्थिंग आणि एसी हे मशीन यायच्या आधी. हरभट रोड, मारुती चौकाकडच्यांना २०१९ चं पाणी आठवत असेलच, तिथे तळमजल्यावर हे धूड ठेवणं म्हणजे दर ऑगस्टला जीव टांगणीला. वर न्यायचं तर फिनिशरसकट (छापलेली शीट रचणारा जोडभाग) वजन शेकड्यांनी किलो भरतं. स्लॅब बघायला इंजिनिअर बोलवा आणि जिन्याचं वळण टेपने मोजून त्याचा फोटो सेल्समनला पाठवा. वर चढवायचा खर्च कोणाचा, तेही कोटेशनमध्ये लिहून घ्या.