भुट्ट्याच्या दांड्यापासून बॅटरीचा कार्बन

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे तिथल्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस किसला की दांडा उरतो. सोडियम-आयन बॅटरीच्या ऋण इलेक्ट्रोडसाठी तो फार चांगला कच्चा माल आहे. ग्रॅफाइटमध्ये सोडियम नीट शिरत नाही; हार्ड कार्बनमध्ये, म्हणजे अस्ताव्यस्त थरांच्या कार्बनमध्ये, शिरतो, आणि दांड्यापासून तोच बनतो.

दांडे १०५ अंश सेल्सिअसला वाळवून दळा. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळा, मग पाणी उदासीन येईपर्यंत धुवा. ही पायरी वगळूच नका! दांड्यातलं पोटॅशियम राहिलं तर भट्टीत ते कार्बन कुरतडतं, बारीक छिद्रं वाढतात आणि पहिल्याच चार्जिंगमध्ये बरंच सोडियम कायमचं अडकतं. पुढे आर्गॉन या निष्क्रिय वायूमध्ये ५०० अंशांवर कोळसा, पुन्हा दळण, शेवटी १३०० अंशांवर दोन तास. तापमान मिनिटाला ५ अंशांनीच वाढवा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सक्रिय केलेला कार्बन इथे नको, तो सुपरकपॅसिटरसाठी, म्हणजे पृष्ठभागावर विद्युतभार साठवणाऱ्या उपकरणासाठी.