मदनीची गुणपत्रिका

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या पात्रता विभागात परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रे तपासणे हे माझे काम आहे. सुदानी विद्यार्थी अनेक वर्षांपासून या शहरात शिकायला येत असल्यामुळे त्यांच्या फायली आम्हाला नवख्या नाहीत. तरीही २०२४ च्या प्रवेशाच्या वेळी आलेल्या एका अर्जापुढे आमची नेहमीची पद्धत चालेना.

अर्जदार मुलगी वद मदनी येथील गेझिरा विद्यापीठाची पदवीधर होती. निळ्या नाईलच्या काठी, कापसासाठी प्रसिद्ध असलेल्या विस्तीर्ण सिंचनक्षेत्रात हे विद्यापीठ १९७५ मध्ये स्थापन झाले. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तुममध्ये लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा राजधानीतील असंख्य कुटुंबांनी मदनी सुरक्षित समजून तेथे आसरा घेतला. डिसेंबरमध्ये तेही शहर आरएसएफच्या ताब्यात गेले. ही मुलगी तेथून बाहेर पडली ती मोबाइलमध्ये काढलेली गुणपत्रिकेची छायाचित्रे घेऊन.

गुणपत्रिका अरबीत होती. १९८९ मध्ये सुदानमध्ये सत्तेवर आलेल्या ओमर अल-बशीर यांच्या राजवटीने पुढच्या दशकात विद्यापीठांची संख्या झपाट्याने वाढवली आणि अध्यापनाचे माध्यम इंग्रजीऐवजी अरबी केले, हे ठाऊक असल्याने मला त्याचे नवल वाटले नाही. अडचण पडताळणीची होती. विद्यापीठाला पाठवलेला मेल परत आला आणि सुदानच्या मंत्रालयाचे साक्षांकन मिळवायचे, तर सरकारच पोर्ट सुदानला हललेले. मूळ कागद कोठे असतील, असे विचारल्यावर ती इतकेच म्हणाली, “मॅडम, घराला कुलूप आहे, आत काय उरले आहे ते आम्हाला माहीत नाही.” सहानुभूतीने पात्रता ठरत नाही, आणि ठरूही नये, अशा काळात बनावट कागदही येतात.

दुपारी आमच्या ज्येष्ठ लिपिकांना सुचले की त्याच विद्याशाखेचा एक विद्यार्थी युद्धापूर्वी आपल्याकडे शिकून गेला आहे. अभिलेख कक्षातून त्याची फाईल काढली. तिच्यातील गुणपत्रिका विद्यापीठाने त्या वेळी रीतसर पडताळून दिलेली होती. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही विषयांचे संकेतांक, श्रेयांक, सत्रांची रचना, शिक्का आणि कुलसचिवांची सही ओळीने तपासत गेलो. एक विषय जुळेना. अभ्यासक्रमात बदल झाला होता, असे मुलीने सांगितले आणि तो विषय दुसऱ्या सत्रात कोठे गेला तेही दाखवले. माझ्या दृष्टीने तिच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच होता, कारण नक्कल करणाऱ्याने सगळेच जुळवून आणले असते.

मी सविस्तर टिपणी लिहिली, मुलीकडून हमीपत्र घेतले आणि प्राचार्यांनी मूळ कागदपत्रांच्या अटीवर तात्पुरता प्रवेश मंजूर केला. अंतिम पात्रतेचा निर्णय आमच्या विद्यापीठाकडे गेला. त्याच सुमारास मुदत संपलेल्या फायली नष्ट करण्याची यादी माझ्याकडे सहीसाठी आली होती; तिच्यातील सुदानी विद्यार्थ्यांच्या सर्व नोंदींवर मी ‘कायम जतन’ असा शेरा मारून यादी परत पाठवली.