सेलोसीआ: मत्सरातून आलेली जाळी

स्पॅनिशमध्ये जाळीसाठी शब्द बरेच, पण ‘सेलोसीआ’ म्हणजे नुसती जाळी नव्हे. आतल्या माणसाला रस्ता दिसावा, रस्त्यावरच्याला मात्र आतलं कुणी दिसू नये, यासाठी खिडकीला लावलेली लाकडी किंवा लोखंडी पट्ट्यांची जाळी ती. मूळ शब्द ‘सेलोस’, म्हणजे प्रेमातला मत्सर, संशय. लॅटिनमार्गे तो ग्रीक ‘झेलोस’पर्यंत जातो. घरातल्या बायकांवर परक्याची नजर पडू नये ही धास्तीच वस्तूचं नाव झाली. लिमा शहरातल्या तोर्रे ताग्ले वाड्याच्या (१७३५) बंदिस्त लाकडी सज्जांवर अशा जाळ्या आजही पाहता येतात.

ही किमया उजेडाची. बाहेर ऊन, आत अंधार आणि भोकं बारीक असतील तरच ती साधते. रात्री खोलीत दिवा लावला की सगळं उलटतं.

उच्चारात जोर ‘सी’वर. लिहिताना त्या ‘ई’वरची तिरकी खूण गाळली, तर वाचणारा जोर ‘लो’वर देतो आणि शेवटचे दोन स्वर एकत्र ओढतो. स्पेनच्या बहुतेक भागात पहिला ‘से’ जीभ दातांत धरून म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी: ला सेलोसीआ, लास सेलोसीआस.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे ‘मला मत्सर वाटतो’ या अर्थी ‘तेंगो सेलोसीआ’ म्हणणं. बरोबर वाक्य ‘तेंगो सेलोस’. इटालियन ‘जेलोसीआ’चा अर्थ आजही मत्सर होतो, म्हणून इटालियन येणारे तर हमखास घसरतात. ‘रेखा’ म्हणजे खिडकीचे गज, ते चोराला अडवतात, नजरेला नाही. ‘पेर्सिआना’ म्हणजे आडव्या पट्ट्यांचा पडदा. वेल चढवायच्या मांडवाला ‘एनरेखादो’ म्हटलेलं बरं.

अनुवादकाची खरी परीक्षा बांधकामाच्या मजकुरात. तिथे ‘बिगा एन सेलोसीआ’ म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या सळ्या-पट्ट्यांची तुळई, आपली कैची किंवा ट्रस. तिला ‘जाळीची खिडकी’ लिहिलं की भार पेलणारा भागच मजकुरातून नाहीसा होतो. गणितातही हा शब्द भेटतो: तिरक्या रेघांच्या चौकटीत आकडे मांडून केलेला गुणाकार तो ‘मुल्तिप्लिकासिओन पोर सेलोसीआ’.

कोंबड्याच्या फुलाचं शास्त्रीय नाव ‘सेलोशिया’ मात्र या कुळातलं नाही. ते ग्रीक ‘केलेओस’वरून, म्हणजे जळतं, धगधगतं. नाव पडलं ते ज्वाळेसारख्या फुलांमुळे.