आमची वाटचाल : आजारी रजेचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे मशीन शॉप सुरू झाले तेव्हा दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन एवढीच सामग्री होती. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशिनिंग करून हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी मोठ्या कारखान्यांना पुरवणे, हेच आमचे काम तेव्हा होते आणि आजही आहे. आमचे कामगार येळ्ळूर, मच्छे, खानापूर आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातून येतात.

आमच्यासारख्या लहान कारखान्यात एका माणसाच्या आजारपणाचा फटका फार दूरवर बसतो. होनिंगवरचा, म्हणजे भोक आतून घासून अचूक मापाला आणणारा, कारागीर घरी राहिला की त्याच्या मशीनपुढे कास्टिंग साचतात, तपासणी आणि पॅकिंगची माणसे रिकामी बसतात आणि ग्राहकाला दिलेली तारीख हुकते. त्या माणसाचा दिवसाचा पगार या नुकसानापुढे किरकोळ असतो. तरीही आमच्यातले बहुतेक लघुउद्योजक आजारी रजेचा हिशेब मांडतात तो केवळ पगाराचाच. खाडा झाला की पगार कापायचा, ही येथील जुनी रीत आहे, आणि तिच्यामुळे पावसाळ्यात अंगात ताप असलेली माणसेही मशीनवर उभी राहतात. व्हॉल्व्हची बॉडी आणि आत सरकणारा दांडा, म्हणजे स्पूल, यांच्यामधले अंतर काही मायक्रॉनच असते. ग्लानीत असलेल्या माणसाच्या हातून बोअर, म्हणजे बॉडीतले भोक, किंचित मोठा झाला तर आधीच्या सर्व प्रक्रियांचे श्रम त्या तुकड्याबरोबर भंगारात जातात. म्हणूनच आजारी माणूस घरी राहण्यापेक्षा तो कामावर येणे अधिक महाग पडते, असे माझे ठाम मत झाले आहे.

कामगारांची संख्या दहावर गेली आणि आम्हाला ई.एस.आय., म्हणजे कर्मचारी राज्य विमा, योजना लागू झाली. वेतनाच्या ३.२५ टक्के मालकाचे आणि ०.७५ टक्के कामगाराचे अशा वर्गणीतून कामगाराला वैद्यकीय उपचार मिळतात आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. ही योजना लहान मालकाला मोठा आधार देणारी आहे, यात शंका नाही. मात्र सर्वसाधारणपणे आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्याविना जातात, आणि साधा ताप बहुधा तेवढ्यातच उतरतो. ते दोन दिवस भरपगारी धरण्याचा निर्णय आम्ही घेतला. दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे; त्यामुळे संगणकावर चालणारी सीएनसी मशीन कामासाठी लावून देणारा अनुभवी सेटर, म्हणजे ज्याच्या गैरहजेरीने कारखाना सर्वाधिक अडतो तोच माणूस, बहुधा योजनेबाहेर राहतो. अशांसाठी आम्ही स्वतंत्र आरोग्य विमा काढतो आणि भरपगारी आजारी रजा देतो.

पैशांची सोय झाली तरी अडलेले काम कोणी करायचे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी प्रत्येक मशीनचे सेटिंग किमान दोघांना यावे, असा नियम आम्ही केला. शिकवण्यात उत्पादनाचा वेळ जातो, आणि आपले कसब दुसऱ्याच्या हाती दिले तर आपली किंमत कमी होईल, ही जुन्या कारागिरांची भीतीही रास्त होती. त्यामुळे शिकवणाऱ्याला वेगळा भत्ता सुरू केला, तेव्हा कुठे या कामाला गती आली.

खानापूर आणि चंदगड या दोन्ही तालुक्यांत भातलावणीच्या दिवसांत पूर्वी आजारपणाचे निरोप वाढत असत. शेत सोडून येणे त्या घरांना परवडणारे नसते, हे या भागात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आता लावणीची रजा आम्ही वेगळी ठेवली असून ती आधी कळवून घेता येते, त्यामुळे त्या आठवड्यांचे नियोजन ग्राहकांशी अगोदरच बोलून करता येते.

चिकुनगुन्यानंतर ताप उतरला तरी सांधे कित्येक आठवडे दुखत राहतात, आणि जड कास्टिंग उचलणे त्या माणसाला शक्य नसते. अशा कामगारांना आम्ही पूर्ण पगारावर तपासणीच्या टेबलाशी बसून करण्याचे काम देतो.