किनाऱ्यावर राहणाऱ्याने दुर्बीण घेताना

कमी खर्चात चांगली दुर्बीण कोणती, असे विचारले की जाणकार बहुधा एकच उत्तर देतात: जुन्या घडणीची, खांदे बाहेर आलेली ‘पोरो’ दुर्बीण घ्या, तेवढ्याच पैशांत तिच्यातून जास्त स्वच्छ दिसते. उत्तर खरे आहे, पण ते कोरड्या हवेतले आहे. कोकणात दापोलीजवळच्या हर्णै, आंजर्ले, केळशीच्या पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावरही बुरशी धरते आणि उरलेले आठ महिने वाऱ्याबरोबर खार येत राहतो. तिथे हा सल्ला जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याचे बजेट दहा-पंधरा हजारांचे असेल, तर त्याने आधी हवाबंद बांधणी पाहावी, मग उजेड परत फिरू न देणारा भिंगांवरचा लेप, आणि ‘किती पट मोठे दिसते’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो प्रश्न शेवटी ठेवण्याचे कारण साधे आहे. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते हे सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते, म्हणजे इथे सव्वापाच मिलिमीटर. दिवसाच्या लख्ख उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, पण पहाटे खाडीच्या तोंडाशी चिखल्या आणि तुतारी शोधताना ती बरीच मोठी होते, आणि तेव्हा १०×२५ च्या खिशात मावणाऱ्या दुर्बिणीतून येणारा अडीच मिलिमीटरचा झोत अपुरा पडतो. ४२ च्या भिंगाचे क्षेत्रफळ २५ च्या भिंगाच्या पावणेतीन पटींहून अधिक असते. शिवाय पट वाढली की हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो. डॉल्फिन पाहायला होडीतून जाणाऱ्यांनी बारा पटींची दुर्बीण डोळ्याला लावून पाहावी. डॉल्फिन राहू द्या, क्षितिजसुद्धा एका जागी ठरत नाही. होडीवरच्या कामासाठी ७×५० ही जुनी दर्यावर्दी जोडी उत्तम, मात्र ती वजनदार असते आणि गळ्यात अडकवून डोंगर चढण्याच्या उपयोगाची नाही. म्हणून एकच दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२. झूमची दुर्बीण या किमतीत कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

समुद्रकिनाऱ्यावरच्या स्टॉलवर आणि ऑनलाइन बाजारात ‘३०×६०’ छापलेल्या चिमुकल्या दुर्बिणी सर्रास मिळतात. तिथे सोबत शाळेतली फूटपट्टी असावी. पुढच्या भिंगावर पट्टी ठेवली की साठ मिलिमीटरचे भिंग वीस-बावीसच्या आसपास भरते आणि छापील आकड्यांची गोष्ट तिथेच मिटते. पटीचा आकडाही ताडून पाहता येतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की मागच्या भिंगात प्रकाशाचा एक छोटा गोल ठिपका दिसतो. त्याचा व्यास अंदाजाने मोजावा आणि पुढच्या भिंगाच्या मोजलेल्या व्यासाला त्याने भागावे.

हाच ठिपका आणखी एक गोष्ट सांगतो. तो स्वच्छ गोल असेल तर आतल्या लोलकाची (प्रिझमची) काच बहुधा चांगली, म्हणजे ‘बीएके४’ प्रतीची असते. त्याच्या कडा करड्या होऊन तो चौकोनी भासत असेल तर काच हलक्या प्रतीची आहे असे समजावे.

आता पोरोचा मुद्दा. पोरो लोलकात प्रकाश काचेच्या आतूनच पूर्ण परावर्तित होतो, त्यामुळे आरशाचा मुलामा लागत नाही आणि उजेड वाया जात नाही. सरळ नळीच्या बहुतेक ‘रूफ’ दुर्बिणींत लोलकाच्या एका पृष्ठभागावर आरसा चढवावा लागतो. तो ॲल्युमिनियमचा असला तर काही उजेड तिथेच खर्ची पडतो, चांदीचा असला तर कमी. त्यातच रूफ लोलकात प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा जुळताना त्यांच्या लहरींत किंचित फरक पडतो आणि चित्राचा ठळकपणा कमी होतो. यावर उपाय असलेला ‘फेज कोटिंग’ हा लेप झाइस कंपनीने १९८८ मध्ये आणला, पण बऱ्याच स्वस्त दुर्बिणींत तो आजही नसतो. हे सगळे हिशेबात घेतले तर पैशाला पैसा म्हणून पोरोच सरस ठरते, यात वाद नाही.

तरीही मी ती सुचवत नाही. स्वस्त पोरोत मधले चाक फिरवले की मागची दोन्ही नळकांडी एका पुलासकट आतबाहेर सरकतात, आणि दर वेळी बाहेरची हवा आत खेचली जाते. आपल्याकडे ती हवा म्हणजे ओल आणि मीठ. दोन-तीन पावसाळ्यांत आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरतात. ही बुरशी नुसती बसत नाही, लेप खाऊ लागते. मग दुर्बीण उघडून पुसली तरी खुणा राहतात, आणि तसे काम करणारा कारागीर दापोलीत शोधायचा कुठे? उलट नायट्रोजन भरलेल्या हवाबंद रूफ दुर्बिणीत आत ओलच नसते, त्यामुळे आतून दव धरत नाही आणि बुरशीलाही फारसा वाव उरत नाही. (एसी गाडीतून उतरल्याबरोबर भिंगाच्या बाहेरच्या बाजूला धरणारे दव नायट्रोजनने थांबत नाही; ते दोन मिनिटांत आपोआप जाते, त्याला पदराने पुसू नये.) नुसते ‘पाण्याचे शिंतोडे सहन करते’ एवढेच लिहिले असेल तर ती हवाबंद नव्हे. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘नायट्रोजन भरलेली’ हे दोन्ही शब्द पाहिजेत.

नावे घ्यायची तर निकॉन कंपनीच्या ॲक्युलॉन ८×४२ या पोरो दुर्बिणीतून दिसते छान, पण वजन ७५५ ग्रॅम आणि ती वॉटरप्रूफ नाही. त्याच कंपनीची प्रोस्टाफ पी३ ८×४२ ही ५६५ ग्रॅमची, हवाबंद, पण फेज लेप नसलेली. तो हवा असेल तर पी७ पर्यंत जावे लागते आणि पैसेही तसे मोजावे लागतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पी३ च्या वर्गातली कुठलीही दुर्बीण निःशंक घ्यावी. चित्रात पडणारी थोडी उणीव डोळ्याला सवयीची होते, बुरशीची सवय होत नाही.

लेपाबद्दल मात्र तडजोड नको. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग धरले तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. म्हणून ‘फुली मल्टिकोटेड’, म्हणजे सगळ्या भिंगांवर अनेक थरांचा लेप असलेली, हे शब्द शोधावेत. नुसते ‘कोटेड’ म्हणजे एखाद्या भिंगाला एकदा हात फिरवला, इतकाच अर्थ असू शकतो. भिंगात हिरवट-जांभळट मंद छटा दिसावी. माणकासारखे लालभडक चमकणारे भिंग टाळावे, कारण तो लाल उजेड म्हणजे डोळ्यापर्यंत न पोचलेला उजेड.

कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, आणि याचा दुर्बिणीशी फार जवळचा संबंध आहे. संध्याकाळी पुळणीवर उभे राहिले की उजेड समोरून येतो. हलक्या प्रतीच्या दुर्बिणीत तेव्हा सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो आणि कुरव कोणता, सुरय कोणती, हे कळत नाही. दुकानात पाठीमागून येणाऱ्या उजेडात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात. म्हणून शक्य असेल तर दुर्बीण परत करण्याच्या मुदतीत हर्णैच्या किनाऱ्यावरून चार-साडेचारच्या सुमारास सुवर्णदुर्गाचा तट पाहावा, आणि माडाच्या झावळीची कड आकाशावर धरून तिला जांभळी किंवा हिरवी किनार किती दिसते तेही पाहावे. थोडी किनार या किमतीत चालते. सूर्यास्त मात्र दुर्बिणीतून कधीही पाहू नये, बिंब कितीही तांबूस झालेले असो. सोबत मुले असतील तर हे आधीच बजावून ठेवावे.

दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे तपासायला आपल्याइतकी सोय कोणालाच नाही. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून क्षितिजाची रेघ पकडावी आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्यावी. दोन वर्तुळांतली रेघ एका पातळीवर राहिली तर ठीक; एका बाजूला पायरी पडली तर दुर्बीण त्याच दिवशी परत पाठवावी. अशा दुर्बिणीतून डोळे ती पायरी जुळवून घेतात खरे, पण अर्ध्या तासात कपाळ दुखू लागते.

चष्मा लावणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’चा, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते त्या अंतराचा आकडा पाहावा, तो निदान १५ मिलिमीटर, आणि जाड चष्मा असेल तर १७-१८ असावा, नाहीतर चित्राची कड कापली जाते.

घरी आणल्यावर तिच्यासोबतची चामडी किंवा कापडी पिशवी प्रवासापुरतीच वापरावी, कारण पिशवी ओल धरून ठेवते. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि रंग बदलला की त्या मंद आचेवर तापवून पुन्हा वापराव्यात. खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर भिंग कधीही कोरडे पुसू नये. वाळलेले मीठ आणि वाळूचे कण कापडाबरोबर फिरून लेपावर चरे पाडतात. आधी रबरी फुंकणीने कण उडवावेत. दुर्बीण वॉटरप्रूफ असेल तर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, आणि मगच मऊ कापड लावावे.

जुनी दुर्बीण स्वस्तात मिळत असेल तर अंधाऱ्या खोलीत पुढच्या भिंगातून मोबाइलचा टॉर्च आत सोडून तिरके पाहावे. धूळ थोडीफार असणारच, तिची चिंता नको. फांद्या फुटल्यासारखे तंतू दिसले, तर किंमत कितीही उतरली तरी नमस्कार करून निघावे.