फिफ्थ व्हीलचे हिसके आणि उड्या: आतापर्यंत काय काय केलं

मंडळी, ट्रेलर ओढताना ट्रकची राईड सुधारायचं काम बरंच पुढे सरकलंय म्हणून एकदा सगळं सलग लिहून टाकतो, नाहीतर जो विचारेल त्याला मी दर वेळी वेगळ्याच टोकापासून सांगायला लागतो. गाडी तीच, एक टनी डिझेल पिकअप, क्रू कॅब, मागे एकेकच चाक, ड्युअली नाही. ट्रेलर ३२ फुटी फिफ्थ व्हील (राहायची सोय असलेला, ज्याचं नाक ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या, म्हणजे बेडमधल्या, हिचवर टेकतं), दोन एक्सल, जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त वजन, १२,५०० पौंड. आम्ही राहतो केटीला, ह्यूस्टनच्या पश्चिमेला, आणि बहुतेक वेळा जाणं होतं आय-१० हायवेने पूर्वेकडे, लुईझियाना ओलांडून अलाबामातल्या गल्फ स्टेट पार्कपर्यंत.

रस्ता मुद्दाम सांगितला. टेक्ससमध्ये बरंचसं काँक्रीट सलग सळ्या टाकून केलेलं असतं, सीआरसीपी, त्याला आडवे सांधेच नसतात, त्यामुळे घराजवळ चक्कर मारली की वाटतं झालं, राईड सुधारली. खरी परीक्षा पुढे. सांध्यांचं काँक्रीट, एकामागे एक पूल, आणि लाफायेट सोडून बॅटन रूजकडे निघालं की अचाफलाया बेसिनचा तो १८ मैलांहून लांब पूल, तिथे ट्रकमधल्या प्रत्येकाची कंबर हिशोब मागते. मागच्या सीटवरच्यांची जास्तच. आणि उन्हाळ्यात आई-बाबा येताहेत सहा महिन्यांसाठी, आईला मणक्याचा त्रास आहे, तर मागे बसून ती एसटीच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखी उडत गेली तर मला ते सहा महिने काही खरं नाही. म्हणून एवढी घाई.

आता मुद्दा. मला जे कळलंय ते एवढंच की ट्रेलर मागे लावल्यावर जो त्रास होतो तो एक नाही, दोन आहेत, आणि दोघांचं औषध वेगळं. एक म्हणजे मागे-पुढे हिसके, ज्याला सगळे चकिंग म्हणतात, ट्रेलर ट्रकला मागून ढकलतो आणि मग ओढतो. दुसरं म्हणजे वर-खाली उड्या, पॉर्पॉइझिंग, ट्रकचा मागचा भाग खाली बसतो, उसळतो, परत बसतो आणि हे तीन-चार वेळा चालतं. सीटवर बसून दोन्ही सारखंच वाटतं, "फार आदळतंय" एवढंच कळतं, आणि मग आपण सरळ एअरबॅग (मागच्या पाट्यांना जोड म्हणून लावायच्या हवेच्या पिशव्या) ऑर्डर करतो.

दोन्ही वेगळे काढायला मी फोनवर फायफॉक्स वापरलं. जर्मनीतल्या आखेनच्या युनिव्हर्सिटीने केलेलं फुकट अॅप आहे, फोनमधल्या सेन्सरचे आलेख दाखवतं. दोन सीटच्या मधल्या कन्सोलवर फोन सपाट ठेवून डबल साईड टेपने पक्का चिकटवायचा, वरची कड पुढे, म्हणजे वाय अक्ष मागे-पुढे आणि झेड अक्ष वर-खाली. शेजारी बसलेल्याने चालू-बंद करायचं, ड्रायव्हरने हात लावायचा नाही (बायकोने हे काम आनंदाने केलं असं म्हणणार नाही पण केलं). काहीही नवीन बसवलं की त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावर, त्याच वेगाने, परत एकदा मोजायचं. नाहीतर हजार डॉलर खर्च केले की राईड आपोआप मऊ वाटायला लागते, हा अनुभव सगळ्यांनाच असेल.

पहिलं काम वजन. ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल (वजनकाटा), वे माय ट्रक अॅपवरून पैसे भरायचे, खाली उतरायलाही लागत नाही. आधी ट्रेलर लावून, पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचे एक्सल वेगवेगळ्या पाटांवर येतील असं उभं राहायचं, मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसता ट्रक. ट्रकच्या दोन्ही एक्सलची बेरीज ट्रेलरसकट किती आणि ट्रेलरशिवाय किती, यातला फरक म्हणजे पिनचं वजन, ट्रेलरचा जेवढा भार त्याच्या नाकाखालच्या खुंटीतून (किंगपिन) ट्रकवर येतो तो. माझं आलं साधारण २,२०० पौंड, सामान भरलेला ट्रेलर एकूण ११,३००, म्हणजे १९-२० टक्के. फिफ्थ व्हीलला १५ ते २५ टक्के चालतं, त्यामुळे बरोबर मध्यात आहे. दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे ट्रकवर लादता येणारं वजन, ३,९०० आहे, त्यात पिन, हिच, चार माणसं आणि सामान धरून अजून बरीच जागा शिल्लक.

आणि म्हणूनच एअरबॅग घेतल्या नाहीत. एक टनी ट्रकचे पाटे मुळातच जड वजनासाठी केलेले, माझ्या वजनाने ते जेमतेम दबतात. त्यावर आणखी हवेची स्प्रिंग लावली तर मागचा भाग उचलला जाईल आणि अजून कडक होईल. एअरबॅग वाईट नाहीत, ट्रकचं बूड खाली बसत असेल, हेडलाईट आकाशात जात असतील, तर त्यांचा उपयोग आहे. पण पेलोड त्यांनी एक पौंडानेही वाढत नाही, स्टिकरवरचा आकडा तोच राहतो, आणि हिसक्यांवर तर त्यांचा काहीच परिणाम नाही कारण त्या फक्त उभ्या दिशेत काम करतात. तरी दर दुसरा माणूस पहिलं हेच सुचवतो, का कुणास ठाऊक.

स्केलवरच आणखी एक गंमत कळली. आमची पाण्याची टाकी एक्सलच्या मागे आहे, ६० गॅलन, एक गॅलन पाणी ८.३४ पौंड, म्हणजे भरली की जवळपास ५०० पौंड शेपटाकडे. तेवढं मागे गेलं की पिन हलकी होते आणि पिन हलकी झाली की हिसके वाढतात. कॅम्पग्राउंडवर नळ असेल तर टाकी पाव भरूनच निघतो आता. फुकटात झालेली सुधारणा आणि आलेखात स्पष्ट दिसली.

मग ट्रेलर सपाट चालतोय का ते बघितलं. नाक दोनेक इंच वर होतं. नाक वर असलं की वजन मागच्या एक्सलकडे झुकतं, पुढची चाकं हलकी पडून टपाटप आपटतात. हिचचं डोकं एक भोक खाली घेतलं. मात्र बेडच्या कठड्यापासून ट्रेलरच्या पोटापर्यंत सहा इंच तरी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर पेट्रोल पंपाच्या उतारावर वळताना बेड चेपणार. उंच ट्रकवाल्यांची खरी अडचण हीच असते.

टायरचं थोडक्यात. ट्रकच्या मागच्या टायरमध्ये वजन असताना स्टिकरवरचं प्रेशर, ट्रेलर नसताना टायर कंपनीच्या लोड टेबलप्रमाणे कमी, रोजच्या ऑफिसच्या जाण्या-येण्यात याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ट्रेलरच्या टायरना हात लावला नाही, साईडवॉलवर लिहिलेले ८० पीएसआय तसेच ठेवले. ट्रेलरमध्ये माणूस बसत नाही, आणि कमी हवेचा एसटी (स्पेशल ट्रेलर) टायर उन्हाळ्यात लुईझियानात फुटला तर आतल्या कपबशांची काळजी करायला वेळच मिळणार नाही.

आता हिसके. इथे सगळ्यात आधी ढिलाई शोधायची. किंगपिन दोन इंच जाडीची, तिच्याभोवती हिचचे जबडे, हिचचे पाय बेडमधल्या पकमध्ये (पाय अडकवायच्या खाचा), या प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा खेळ असतो आणि तो सगळा एकत्र येऊन ठोका देतो. शोधायची पद्धत सोपी आहे, सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा, एकाला हिचजवळ बाहेर उभं करा (बेडमध्ये चढवू नका), आणि ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक पुढे-मागे अगदी किंचित हलवा. कुठे हलतंय ते दिसतं आणि ऐकूही येतं. माझ्याकडे पकमध्येच खेळ होता, ताणाचे नट आवळले तर टक टक आवाज गेला. ही नुसती अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

ब्रेकचा गेनही (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते ट्रकमधून ठरवायचं सेटिंग) तेव्हाच बघितला. ट्रेलरचे ब्रेक उशिरा किंवा कमी लागले तर दर ब्रेकला ११ हजार पौंड मागून धक्का देणार, त्याला कुठलीही स्प्रिंग पुरी पडणार नाही. रिकाम्या सपाट रस्त्यावर २५ मैलांच्या वेगाने फक्त ट्रेलरचा ब्रेक लिव्हरने दाबायचा, चाकं लॉक होण्याच्या बेतात येईपर्यंत गेन वाढवायचा आणि तिथून थोडा कमी करायचा. ब्रेक गरम झाल्यावर परत तपासा, थंड असताना वेगळं वागतात.

एवढं करूनही पुलावर हिसके शिल्लक होतेच. म्हणून मोराईड कंपनीचा रबरवाला पिनबॉक्स (ट्रेलरच्या नाकाला बोल्टने लावलेला, किंगपिन धरणारा भाग) बसवला. त्यात किंगपिनचा भाग जाड रबराच्या ठोकळ्यांवर टांगलेला असतो, हिसका आला की रबर तिरकं ताणलं जातं आणि ट्रकपर्यंत त्यातला थोडाच पोचतो. ऑर्डर करताना आपल्या पिनच्या वजनाला चालणारा घ्यावा लागतो, त्यासाठीही तो स्केलचा कागद उपयोगी पडला. बोल्ट काढताना जुना पिनबॉक्स अंगावर घेऊ नका, इंजिन उचलायचा हॉइस्ट भाड्याने आणा, मी आणलेला. बसवल्यावर वायच्या आलेखातली शिखरं साधारण निम्म्यावर आली. झेडच्या आलेखात मात्र फारसा फरक नाही. एअरबॅगवाले पिनबॉक्सही मिळतात, ते उभ्या दिशेतही मदत करतात, पण हवेचं प्रेशर बघत बसायला मला नको होतं. गूजनेकवाले (बेडमधल्या गोळ्यावर बसणारे) अॅडॅप्टर लावायचा विचार असेल तर आधी फ्रेमची वॉरंटी वाचा, लांब दांड्याने फ्रेमवर ताण वाढतो म्हणून काही जण त्यात वॉरंटी नाकारतात.

राहिल्या उड्या. इथे थोडं गणित मजेशीर आहे. ६० मैल वेगाला गाडी सेकंदाला ८८ फूट जाते. सांधे १५ फुटांवर असतील तर सेकंदाला जवळपास सहा ठोके, ते खडखडाट म्हणून कळतात, पण उडी नाही. पुलाचा गाळा ६० फुटांचा धरला तर ठोका येतो सेकंदाला दीड, आणि वजन लादलेल्या ट्रकच्या मागच्या स्प्रिंगची स्वतःची लयही साधारण त्याच घरातली, त्यामुळे प्रत्येक गाळा आधीच्या उडीत भर घालतो. झोपाळ्यावर बसलेल्याला बरोबर वेळेवर ढकलायचं आणि तो वर वर जायचा, तोच हा प्रकार. वेग ५५ वर आणला की लय मोडते. फायफॉक्सच्या स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या लयीचे हादरे किती ते दाखवणारा आलेख) ते शिखर चक्क खाली बसताना दिसतं. अचाफलायावर ट्रकना तसंही ५५ चीच मर्यादा आहे, त्यांच्यामागे गपचूप उजव्या लेनमध्ये राहायचं.

पण सगळीकडे ५५ ने जाऊन कसं चालेल. उडी सुरू झाल्यावर ती थांबवायचं काम शॉकअपचं, आणि माझे कारखान्यातून आलेले शॉकअप थकले होते. बिलस्टाइन ५१०० बसवले, चारही. उडी पहिल्यांदा येते, दुसऱ्यांदा अर्धवट आणि मग संपते. ट्रेलर नसतानाही ट्रक शहाण्यासारखा वागायला लागला. एवढ्या पैशात इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही, माझ्या मते एक टनी ट्रकवाल्याने एअरबॅगच्या आधी हे करावं.

शेवटचं आणि सगळ्यात घाण काम, ट्रेलरच्या खालचं. दोन एक्सलच्या पाट्यांच्या मध्ये इक्वलायझर असतो, एक चाक खड्ड्यात गेलं की वजन दुसऱ्याकडे सरकवतो. आमच्याकडे तो नुसता लोखंडी तुकडा आणि आत नायलॉनचे बुश. उघडून बघितलं तर बुश गोल राहिलेच नव्हते, बोल्ट थेट लोखंडावर घासत होता. सगळं काढून मोराईडचा सीआरई-३००० बसवला, रबर असलेला इक्वलायझर, सोबत ब्राँझचे बुश, ग्रीस भरता येणारे वेट बोल्ट आणि अर्धा इंच जाडीचे शॅकल (पाट्यांना इक्वलायझरशी जोडणाऱ्या पट्ट्या). करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी: जॅक फ्रेमखाली लावा, एक्सलच्या नळीखाली नको, ती वाकते. बोल्टच्या मानेवर दाते असतात, ते भोकात ठोकून बसवायचे, बोल्टचं डोकं फिरवायचं नाही, फक्त नट फिरवायचा, नाहीतर दाते भोक मोठं करतात. ग्रीसची भोकं वर किंवा खाली येऊ देऊ नका, बाजूला ठेवा, वर-खाली वजन येतं आणि ग्रीस आत शिरत नाही. आणि चाकं परत लावल्यावर नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, त्यात आळस नको.

याचा फायदा ट्रकपेक्षा ट्रेलरच्या आत जास्त दिसला. आधी प्रत्येक मुक्कामाला कपाटं उघडी, टीव्हीचा एक स्क्रू जमिनीवर, आणि एकदा तर मिसळणाच्या डब्याचं झाकण निघून हळद कार्पेटभर, ती अजून पूर्ण गेलेली नाही. आता डबा ठेवला तिथेच असतो.

बाकी काय राहिलंय: ट्रेलरला शॉकअप. बहुतेक फिफ्थ व्हीलना कारखान्यातून शॉकअप लावूनच देत नाहीत, सगळी उसळी पाट्यांच्या आपसातल्या घर्षणावर सोडून देतात. किट मिळतं पण माझ्या फ्रेमवर ब्रॅकेट वेल्ड करावे लागतील आणि वेल्डिंग मला येत नाही, त्यामुळे केटी किंवा (ह्यूस्टनजवळच्याच) सायप्रसच्या बाजूला ट्रेलरची फ्रेम नीट करणारा वेल्डर कुणाला माहीत असेल तर सांगा. शॉकअप लावल्यावर झेडच्या आलेखात किती फरक पडला ते कुणी मोजलंय का तेही सांगा, नुसतं "छान वाटतं" नको. मे महिन्याच्या आत झालं पाहिजे, आईचं तिकीट काढून झालंय.